शब्दांचे कूळ ओळखा : इंग्रजी शब्दसंपत्तीची एक सुलभ वाट

भातशेती, मिठागरे आणि पेणच्या सुबक गणेशमूर्ती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या पेण–रोहे भागाचे रूप गेल्या अर्धशतकात पुष्कळच पालटले आहे. धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना, मुंबई–गोवा महामार्ग आणि रोह्यापासून पुढे सुरू होणारी कोकण रेल्वे यांमुळे या परिसरातील रामवाडीसारख्या वस्तीतील मुलाच्या डोळ्यांपुढून रोज शेकडो इंग्रजी शब्द जातात. ट्रान्सपोर्ट, पेट्रोकेमिकल, जंक्शन, इन्फ्लेमेबल, रिक्रूटमेंट, अॅक्विझिशन हे शब्द आता केवळ पाठ्यपुस्तकात राहिलेले नाहीत. ते टँकरच्या पाठीवर, कारखान्याच्या फाटकावर आणि भूसंपादनाच्या कागदपत्रांत येऊन बसले आहेत. नोकरीचा अर्ज, यंत्राजवळची सुरक्षा सूचना आणि जमिनीचा करार या तिन्ही ठिकाणी शब्दाचा अर्थ न कळणे ही महागात पडणारी गोष्ट आहे.

महाराष्ट्रातील सर्व शाळांतून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. असे असूनही शब्दसंग्रह ही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची मुख्य अडचण राहिलेली आहे. शब्द पाठ करावा, परीक्षेत लिहावा आणि विसरून जावा, असा क्रम सर्वत्र दिसतो. सुटे शब्द स्मरणात राहत नाहीत. एकमेकांशी नाते असलेले शब्द मात्र परस्परांना धरून राहतात. हे नाते कसे ओळखावे आणि त्यासाठी मराठी विद्यार्थ्याजवळ आधीपासूनच कोणते साधन आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राज्य बदलते, शब्द बदलतात

इंग्रजी भाषेचा पाया जर्मानिक कुळातील आहे. घर, पाणी, भाकरी, हात, पाय, आई, गाय असे नित्याचे शब्द त्या भाषेत मूळचेच आहेत. परंतु १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे राजदरबार, न्यायालये व सरदारवर्ग यांचा व्यवहार फ्रेंच भाषेतून चालला. न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा करण्यासाठी १३६२ साल उजाडावे लागले. या दीर्घ सहवासामुळे गव्हर्नमेंट, पार्लमेंट, कोर्ट, जज्ज, कौन्सिल, टॅक्स, रेव्हेन्यू हे फ्रेंच शब्द इंग्रजीत कायमचे रुजले. फ्रेंच ही लॅटिनचीच कन्या. त्यातच धर्मपीठे व विद्यापीठे यांची भाषा लॅटिन होती आणि पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात पंडितांनी थेट लॅटिनमधून शब्द उचलले. परिणामी आज इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन व फ्रेंच यांच्या घराण्यातले आहेत.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. जिल्हा, तालुका, तहसील, अर्ज, हुकूम, दप्तर, फिर्याद हे आपले प्रशासनिक शब्द फारसी व अरबी भाषांतून आले, कारण तेव्हा राज्यकारभाराची भाषा फारसी होती. शिवाजी महाराजांनी रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक करवून घेतला आणि त्यांच्याच आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. सुमारे चौदाशे यावनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय देण्यात आले. ज्या जिल्ह्यात हा इतिहास घडला, त्या जिल्ह्यातील शिक्षकाला ‘राज्यकर्ते बदलले की दरबारी शब्द बदलतात’ ही गोष्ट मुलांना समजावून देणे अवघड जाऊ नये.

आपल्या घरातील उदाहरण

इंग्रजीतील या दुहेरी शब्दभांडाराची रचना समजण्यासाठी मराठीतील तद्भव व तत्सम शब्दांकडे पाहावे. आपण बोलताना ‘हात’ म्हणतो, पण लिहिताना ‘हस्ताक्षर’ व ‘हस्तलिखित’ म्हणतो. दुखतो तो ‘दात’, पण त्यावर उपचार करतो तो ‘दंतवैद्य’. लागते ती ‘आग’, पण विझवावयास येते ते ‘अग्निशामक’ दल. घरगुती शब्द एक आणि त्याचे विद्वान भावंड दुसरे, अशी ही व्यवस्था आहे.

इंग्रजीतही नेमके हेच घडले आहे. हाताला ते ‘हँड’ म्हणतात, पण हाताने करावयाचे काम ‘मॅन्युअल’ आणि हाताने लिहिलेला ग्रंथ ‘मॅन्युस्क्रिप्ट’. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणे, म्हणून मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे शब्दशः हस्तलिखित. दाताला ‘टूथ’, पण दंतवैद्य ‘डेंटिस्ट’. पायाला ‘फूट’, पण पायाने दाबावयाचे ते ‘पेडल’ आणि पायी चालणारा तो ‘पेडेस्ट्रियन’, म्हणजे आपला पादचारी. ज्याला ‘हात–हस्त’, ‘दात–दंत’ ही जोडी ठाऊक आहे, त्याला ‘टूथ–डेंटल’ या जोडीचे रहस्य सांगावे लागत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ‘डेंटल’ आणि ‘दंत’, ‘पेडल’ आणि ‘पद’ यांचे ध्वनी एकमेकांच्या फार जवळचे आहेत. हा योगायोग नव्हे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका समान मूळापासून निघालेल्या असाव्यात असे प्रतिपादन केले आणि पुढील संशोधनाने ते सिद्ध झाले. या भाषा एकमेकींच्या भगिनी आहेत. इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले असे मात्र यावरून समजू नये. नाते बहिणींचे आहे, आई–मुलीचे नाही.

एक धातू, अनेक शब्द

संस्कृतमध्ये एका धातूला निरनिराळे उपसर्ग लागून अर्थांची केवढी शाखा फुटते, हे शिक्षकवर्गास सांगावयास नको. ‘युज्’ म्हणजे जोडणे. त्यापासून योग, संयोग, वियोग, प्रयोग, उपयोग, उद्योग व आयोग हे शब्द तयार झाले. लॅटिनमध्ये याच धातूचे भावंड ‘युंगेरे’ हे आहे आणि त्याचाही अर्थ जोडणे हाच. त्यापासून जंक्शन म्हणजे मार्ग जेथे जोडले जातात ते ठिकाण, आणि फ्रेंचमधून जॉइंट म्हणजे जोडलेला, हे शब्द आले. ‘जॉइंट डायरेक्टर’ला आपण ‘सहसंचालक’ म्हणतो, यातील ‘सह’ हा जोडलेपणाचाच वाचक आहे.

शासकीय कार्यालयातील मंडळींना अधिक परिचयाचे असे एक कूळ पाहू. लॅटिनमधील ‘पेंडेरे’ या क्रियापदाचा अर्थ लोंबणे, लटकणे. त्यापासून ‘पेंडिंग’ हा शब्द आला. पेंडिंग प्रकरण म्हणजे लोंबकळत पडलेले प्रकरण. मराठीत आपण त्याला ‘प्रलंबित’ म्हणतो आणि त्यातही ‘लंब्’ म्हणजे लोंबणे हाच धातू आहे. ‘सस्पेंड’ म्हणजे खाली लटकत ठेवणे. आपला शब्द ‘निलंबित’, पुन्हा ‘लंब्’. ‘डिपेंड’ म्हणजे एखाद्याला धरून लोंबणे. आपला शब्द ‘अवलंबून’, तोही ‘लंब्’. प्रलंबित, निलंबित, अवलंबून हे तीन शब्द ज्याला येतात, त्याला पेंडिंग, सस्पेंड, डिपेंड हे तीन शब्द एकाच दमात समजतात. शिवाय निलंबन म्हणजे सेवेतून काढून टाकणे नव्हे, निर्णय होईपर्यंत अधांतरी ठेवणे होय, हा अर्थाचा बारकावाही धातूच सांगून जातो.

याच क्रियापदाचे जुळे भावंड ‘तोलणे’ या अर्थाने येते, कारण तराजूची पारडी लोंबतच असतात. पूर्वी नाणे किंवा धातू तोलून दिला जात असे. म्हणून ‘एक्स्पेन्स’ म्हणजे तोलून बाहेर दिलेले, अर्थात खर्च. ‘पेन्शन’ म्हणजे ठरावीक काळाने तोलून दिलेली रक्कम. आणि ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे एका पारड्यातील वस्तूच्या तोलाइतके दुसऱ्या पारड्यात घातलेले. भूसंपादनाच्या प्रकरणात ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द ज्या शेतकऱ्याच्या वाचनात येतो, त्याला त्यामागील हे तराजूचे चित्र समजले, तर मोबदला ही कृपा नसून तोलास तोल आहे, ही शब्दातच सामावलेली कल्पना त्याच्या ध्यानी येईल.

सभागृहात बसलेले शब्द

पंचायत सदस्यांच्या रोजच्या व्यवहारातील काही शब्दांकडे वळू. संस्कृत ‘सद्’ धातूचा अर्थ बसणे. सभासद म्हणजे सभेत बसणारा. परिषद म्हणजे सभोवती बसलेल्यांचा समुदाय; आपली जिल्हा परिषद ती हीच. संसद म्हणजे एकत्र बसण्याचे स्थान. लॅटिनमध्ये याचे भावंड ‘सेदेरे’. त्यापासून ‘प्रेसिडेंट’ म्हणजे सर्वांपुढे बसणारा, आणि ‘सेशन’ म्हणजे बैठक. ‘सेशन्स कोर्टा’स आपण ‘सत्र न्यायालय’ म्हणतो. ‘सत्र’ हा शब्दही ‘सद्’ धातूपासूनच निघालेला आहे. भाषांतर इतके मुळाशी जाऊन भिडल्याची उदाहरणे थोडी.

पाहणे या अर्थाची दोन कुळे अशीच उपयुक्त आहेत. ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. त्यापासून ‘इन्स्पेक्टर’ म्हणजे आत डोकावून पाहणारा, म्हणून निरीक्षक. ‘विदेरे’ म्हणजेही पाहणे आणि याचे संस्कृत भावंड ‘विद्’ म्हणजे जाणणे. त्यापासून व्हिजन, व्हिसा, रिव्हिजन हे शब्द झाले. ‘सुपर’ म्हणजे वर. आपल्या ‘उपरि’ शब्दाचा हा सहोदर. ‘सुपरव्हायझर’ म्हणजे वरून पाहणारा, म्हणून पर्यवेक्षक. हाच शब्द फ्रेंचच्या तोंडी घासला जाऊन ‘सर्व्हे’ झाला. आपण त्यासाठी ‘पाहणी’ हा शब्द वापरतो तो किती यथार्थ आहे, हे यावरून दिसेल.

महसुली कागदांतील शब्दांचीही हीच कथा आहे. ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. ‘टेनंट’ म्हणजे जमीन धारण करणारा. आपल्या ‘भूधारक’ शब्दातील ‘धृ’ धातू तेच सांगतो. ‘रेव्हेन्यू’ म्हणजे परत येणारे, अर्थात जमिनीपासून शासनाकडे परत येणारे उत्पन्न. ‘मॉर्गेज’मधील ‘मॉर्’ हे आपल्या ‘मृत’ या शब्दाचे नातलग असून मॉर्गेज म्हणजे शब्दशः ‘मृत तारण’. ‘ऑडिट’ हा शब्द ऐकणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला, कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचले जात व तपासनीस ते ऐकत असे. ‘एजेंडा’ म्हणजे करावयाच्या गोष्टी. आणि ‘व्होट’ हा शब्द तर लॅटिनमधील नवस किंवा संकल्प या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. मत देणे म्हणजे मनातील संकल्प प्रकट करणे, हा त्यामागील भाव ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घेण्यासारखा आहे.

कुंडलिकेच्या मुखापाशी लॅटिन

लॅटिन ही दूरच्या रोमची मृत भाषा, तिचा आपल्या कोकणच्या मुलाशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे आणि तो जुना आहे. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. चौल–रेवदंडा या बंदरात सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात पोर्तुगीजांनी ठाणे केले आणि १७४० पर्यंत ते त्यांच्या ताब्यात होते. पोर्तुगीज भाषा ही फ्रेंचप्रमाणेच लॅटिनची कन्या. रेवदंड्यासमोर खाडीपलीकडे असलेल्या कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून निर्माण झालेली बोली अद्यापही बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञांनी तिचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. म्हणजे लॅटिनची एक नात रायगड जिल्ह्यात आजही नांदत आहे.

या संपर्कातून लॅटिन मूळाचे किती तरी शब्द मराठीत आले आणि आपण ते आपलेच मानतो. ‘चावी’ हा त्यांपैकीच एक. ‘पाव’ हा शब्द लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकरी या शब्दापासून पोर्तुगीजमार्गे आला. त्याच ‘पानिस’ला ‘सह’ या अर्थाचा उपसर्ग लागून इंग्रजीत ‘कंपनी’ शब्द झाला. कंपनी म्हणजे एका ताटात भाकरी खाणारे सोबती. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज असून त्याचे मूळ लॅटिनमध्ये ‘शांत करणे, समाधान करणे’ असे आहे. इंग्रजी ‘पे’ हा शब्दही त्याच मूळापासून फ्रेंचमार्गे आला. पगार आणि पे ही सख्खी भावंडे, एक कोकणच्या बंदरात उतरले आणि दुसरे इंग्लंडच्या.

गवंडीकामावरील ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, मूळ लॅटिन ‘मागिस्तेर’. त्याच शब्दापासून इंग्रजीत ‘मास्टर’ व ‘मॅजिस्ट्रेट’ हे शब्द झाले. शाळेतील मास्तर, बांधकामावरील मिस्त्री आणि न्यायासनावरील मॅजिस्ट्रेट ही तिन्ही एकाच शब्दाची लेकरे आहेत! ‘तुरुंग’ हा पोर्तुगीज शब्द मूळचा झाडाच्या खोडाचा वाचक. कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवीत, त्यावरून तो बंदिशाळेस लागू झाला. आपल्याकडेही कैद्याचे पाय अडकविण्याच्या साधनास ‘खोडा’च म्हणत. इंग्रजीतील ‘ट्रंक’ म्हणजे झाडाचे खोड व मोठी पेटी, हा त्याच मूळाचा. ‘नाताळ’ म्हणजे जन्मदिवस आणि त्याच कुळातील इंग्रजी शब्द नेटिव्ह, नेचर व नेशन. बाजारातील ‘कोबी’ हा पोर्तुगीज ‘कोव्ह’पासून आणि त्याच्या शेजारच्या पाटीतील ‘कॉलिफ्लॉवर’चा पहिला भागही त्याच लॅटिन मूळापासून आलेला. आठवड्याच्या बाजारात फेरफटका मारूनही शब्दांचा एक पाठ घेता येईल, तो असा.

उपसर्गांची किल्ली

मूळ शब्दाबरोबर पंधरा–वीस उपसर्ग ओळखीचे झाले की काम पुष्कळच हलके होते. लॅटिन ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे, हे एकच उदाहरण घेऊ. ‘इम्’ म्हणजे आत, म्हणून ‘इम्पोर्ट’ म्हणजे आयात. ‘एक्स्’ म्हणजे बाहेर, म्हणून ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे निर्यात. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, म्हणून ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणजे परिवहन. ‘रि’ म्हणजे मागे, परत, म्हणून ‘रिपोर्ट’ म्हणजे परत आणलेली बातमी, अहवाल. ‘सब्’ म्हणजे खालून, म्हणून ‘सपोर्ट’ म्हणजे खालून उचलून धरणे, आधार देणे. आणि वाहून नेणारा तो ‘पोर्टर’.

काही उपसर्ग तर मराठी विद्यार्थ्याला भेटताक्षणीच ओळखू यावेत असे आहेत. ‘इंटर’ आणि ‘अंतर्’ ही भावंडे, म्हणून इंटरनॅशनल म्हणजे आंतरराष्ट्रीय. ‘सब्’ आणि ‘उप’ ही दूरची भावंडे, म्हणून सबडिव्हिजन म्हणजे उपविभाग. नकारदर्शक ‘इन्’ आणि आपला ‘अन्’ ही भावंडे, म्हणून इन्डायरेक्ट म्हणजे अप्रत्यक्ष. ‘कॉन्’ व ‘सम्’ यांचे रक्ताचे नाते नसले तरी काम एकच, ते म्हणजे एकत्र आणण्याचे.

अगदी अलीकडचे शब्दही या किल्लीने उघडतात. ‘डिजिटल’ हा शब्द लॅटिनमधील बोट या अर्थाच्या शब्दापासून आला, कारण मनुष्य प्रथम बोटांवर मोजावयास शिकला. ‘कॉम्प्युटर’मधील मूळ क्रियापदाचा अर्थ हिशेब करणे. ‘मोबाईल’ म्हणजे हलणारे. २०२० साली जगभर पसरलेल्या महासाथीत घरोघरी पोचलेला ‘व्हायरस’ हा लॅटिन शब्द मूळचा विष या अर्थाचा आणि संस्कृत ‘विष’ शब्दाचा बंधू आहे. ‘व्हॅक्सिन’ हा शब्द गाय या अर्थाच्या ‘वाक्का’पासून आला. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईंना होणाऱ्या देवीच्या द्रवापासून लस टोचली, त्याची ही आठवण.

सावधगिरीची सूचना

ही पद्धती उपयुक्त असली तरी ती जपून वापरली पाहिजे. पहिली गोष्ट, सारखे दिसणारे सर्वच शब्द एका कुळातील नसतात. ‘पेडल’मधील ‘पेड’ म्हणजे पाय. पण बालरोगतज्ज्ञाच्या इंग्रजी नावातील ‘पेडि’ हा ग्रीक असून त्याचा अर्थ मूल. ‘मॅनेजर’मध्ये माणूस या अर्थाचा ‘मॅन’ नसून हात या अर्थाचा ‘मानुस’ आहे. लॅटिन ‘देउस’ आपल्या ‘देव’ शब्दाचा नातलग आहे, परंतु ग्रीक ‘थेऑस’ अर्थाने तोच व ध्वनीने जवळचा असूनही नातलग नाही.

दुसरी गोष्ट, शब्द काळाच्या ओघात मूळ अर्थ सोडून दूर जातात. रोममध्ये निवडणुकीस उभा राहणारा मनुष्य शुभ्र वस्त्र परिधान करीत असे, म्हणून तो ‘कँडिडेट’. आजच्या उमेदवाराला ते बंधन नाही. ‘मॉर्गेज’चा धात्वर्थ कळला म्हणून गहाणखतातील अटी कळत नाहीत. मूळ अर्थ हा अंदाजाचा दिवा आहे. निर्णय शब्दकोशाचा आणि कायदेविषयक शब्दाबाबत अधिनियमातील व्याख्येचाच मानावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती जिवाशी संबंधित आहे. ‘इन्’ या उपसर्गाचे दोन प्रकार आहेत. एक नकारदर्शक आणि दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इन्डायरेक्ट’मध्ये पहिला आहे. टँकरवर लिहिलेल्या ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दात मात्र दुसरा आहे. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे, झटकन पेट घेणारे, अर्थात ज्वलनशील. या घोटाळ्यामुळेच अनेक ठिकाणी आता ‘फ्लेमेबल’ असे लिहिण्याची प्रथा पडली आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ हा शब्द आहे. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी आणि महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या गावांतील प्रत्येक शाळेने हे तीन शब्द फळ्यावर लिहून समजावून द्यावेत आणि ग्रामपंचायतींनी ते मराठी अर्थासह सूचनाफलकावर लावावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना तर हा धडा प्रवेशापूर्वीच मिळावयास हवा.

वर्गात काय करता येईल

यासाठी नवा विषय, नवे पुस्तक किंवा स्वतंत्र तासिका यांची आवश्यकता नाही. लॅटिनचे व्याकरण शिकविण्याचे तर मुळीच कारण नाही. माध्यमिक वर्गांत आठवड्यास एक मूळ शब्द घेतला तरी शालेय वर्षात तीस कुळे सहज होतात आणि प्रत्येक कुळाचे पाच शब्द धरले तरी दीडशे शब्द अर्थासह पक्के होतात.

पाठाचा प्रारंभ मराठीपासून करावा. प्रथम प्रलंबित, निलंबित, अवलंबून हे शब्द मुलांकडून काढून घ्यावेत, त्यांतील समान भाग त्यांनाच शोधू द्यावा आणि नंतर पेंडिंग, सस्पेंड, डिपेंड हे शब्द समोर ठेवावेत. फळ्यावर तीन रकाने आखून पहिल्यात उपसर्ग, दुसऱ्यात मूळ व तिसऱ्यात आजचा अर्थ लिहावा. नवा शब्द आला की लगेच अर्थ न सांगता मुलांना तर्क करू द्यावा आणि त्यानंतर शब्दकोश उघडून तो तर्क पडताळावा. तर्क व पडताळा या दोन पायऱ्यांपैकी एकही वगळू नये. तर्काशिवाय शब्द रुचत नाही आणि पडताळ्याशिवाय तो भरवशाचा होत नाही. मुलांनी परिसरातील पाट्या, औषधांची वेष्टने, एस. टी. व रेल्वे स्थानकांवरील सूचना यांतून शब्द टिपून आणावेत.

कार्यालयांतील सहकाऱ्यांनाही याचा उपयोग आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाने तयार केलेला पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि विविध विषयांचे परिभाषा कोश हाताशी ठेवून इंग्रजी व मराठी शब्द शेजारी शेजारी वाचले, तर पुष्कळ मराठी पर्याय इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जाऊन घडविले असल्याचे दिसून येईल. मराठी पर्याय अवघड वाटतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्या पर्यायाची फोड करून दाखविली, तर ती तक्रार बरीच कमी होईल. एका प्रयत्नात दोन्ही भाषा पक्क्या होण्याचा हा मार्ग आहे. शाळांच्या व ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत चांगला इंग्रजी–मराठी शब्दकोश असावा, एवढी तरतूद करणे कोणत्याही पंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही.

या मातीत हे घडणे अशक्य नाही, याची साक्ष याच दोन तालुक्यांतून मिळते. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी शालेय वयात फ्रेंचचा अभ्यास केला आणि पुढे संस्कृतच्या आधारे भारतातील अनेक भाषा आत्मसात केल्या. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव देशमुख हे १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले ते संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व भारताचे अर्थमंत्री ही पदे भूषविताना इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होते आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करण्याइतकी संस्कृत व मराठीही त्यांना वश होती. या थोर पुरुषांच्या बाबतीत एक भाषा दुसरीच्या आड आली नाही.

इंग्रजी येण्यासाठी मराठी सोडावी लागते, हा समज अनेक पालकांच्या मनात घर करून आहे. शब्दांची कुळे पाहिली असता वस्तुस्थिती नेमकी उलट असल्याचे आढळते. ज्या मुलाची मराठी सकस आहे, ज्याला उपसर्ग आणि धातू यांची खूण पटली आहे, त्याच्यापाशी अर्ध्या इंग्रजी शब्दकोशाची चावी आधीच आहे. रामवाडीच्या मुलाला ती चावी कशी फिरवावी एवढेच दाखवावयाचे आहे आणि ते काम त्याच्या गावचे शिक्षक उत्तम प्रकारे करू शकतील.